पाहुण्याची टोपली

६ मार्च

प्रिय ताई,

तुला आणि भावोजींना नमस्कार. चिमणीचा गालगुच्चा घे, पण हळू. मागच्या वेळी तू जोरात घेतलास अशी तिची तक्रार माझ्यापर्यंत आली आहे.

यंदा सुरय पक्षी लवकर आले. काल दुपारी मी दीपगृहाच्या दिव्याच्या काचा पुसायला वर चढलो होतो, तेव्हा दक्षिणेला पाण्यालगत एक पांढरी रेघ हलताना दिसली. आधी वाटलं, काचेवरचाच ओरखडा असेल. फडका फिरवला. रेघ तिथेच. मग खाली जाऊन किनाऱ्यावरून पाहिलं आणि खात्रीसाठी पुन्हा वर जाऊन पाहिलं. तू हसशील. हस. पण पाखरांच्या कचेरीत मी कळवतो तीच तारीख धरतात, आणि चुकीची गेली तर ती वर्षभर माझ्या मानेवर बसते.

एक गोष्ट मला नवी वाटली. उतरल्यावर ते उडेचनात. दमलेले दोन-चार दर वर्षी असतात, पण यंदा सगळी वाळू भरून बसले आहेत. काळ्या टोपीखालून नुसते बघतात. मी एका पक्ष्याला चक्क वळसा घालून पुढे गेलो. वारा सगळा आठवडा उलटा होता, त्यामुळे थकले असणार. बाबा असते तर म्हणाले असते, यंदा पाहुण्यांची रांग लागली.

मी माझा पाहुणा काल संध्याकाळीच आणला. शेगडीजवळ ठेवला, चमच्याने पाणी पाजलं. आज उजाडताच वाळूवर नेला तर जरा वेळ विचार करून उडाला. म्हणजे माझा वसंत लागला.

तुझ्या खाडीत ते आठवड्याभरात पोचतील. टोपली काढून ठेव. आणि या वर्षी चिमणीला सगळं नीट सांग. वाळूवर थकून पडलेला पहिला पक्षी घरी आणायचा, मऊ कापडावर ठेवायचा, रात्रभर ऊब द्यायची आणि सकाळी जिथून उचलला तिथेच सोडायचा. तो उडेपर्यंत घरात कुणी भांडायचं नाही, हेही सांग. ती सहा वर्षांची झाली. मी पहिला पाहुणा उचलला तेव्हा एवढाच होतो, आणि बाबांनी माझे हात खालून धरले होते.

बदकांची पिल्लं निघाली का? सविस्तर लिही.

तुझा धाकटा

११ मार्च

चि. काटेतोल यास आशीर्वाद,

हे नाव लिहिलं की तू चिडतोस, म्हणून मुद्दाम लिहिलं.

तुझं पत्र म्हणजे इस्त्रीचा शर्ट. घडी मोडायला भीती वाटते. आठवीत शाळा सोडलेल्या माणसाने इतकं शुद्ध लिहू नये, शाळेला वाईट वाटतं. तू दोनदा जिना चढलास हे वाचून तुझे भावोजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. म्हणाले, "हा लग्नाला उभा राहिला तर मुलीला दोनदा विचारेल, तूच का ती?"

पिल्लं निघाली. सगळी शेड चिवचिवते आहे. यांनी पिल्लांवर नवा ऊब देणारा दिवा टांगला आहे आणि स्वतः त्याच्याखाली सुइणीसारखे बसून असतात. जेवायला तीन हाका माराव्या लागतात. लोकांना एक सवत असते, मला तीनशे आहेत आणि सगळ्या फताड्या पायांच्या.

पण खरं सांगू, मी बोलते ते वरवर. पहिली शेड पुराने नेली, दुसऱ्या खेपेला मुंगसांनी उच्छाद मांडला. हे तिसऱ्यांदा उभं राहिलो आहोत. बेकरीवाल्याने सगळी अंडी कायमची धरली आहेत. परवा हे म्हणाले, आता माझ्याच्याने चौथ्यांदा होणार नाही, आणि मी म्हटलं, कशाला व्हायला पाहिजे चौथ्यांदा? सुखात असले की त्यांना असं काहीतरी सुचतं.

चिमणी टोपली डोक्यावर टोपीसारखी घालून रोज सकाळी किनाऱ्यावर जाते. तुझे पाहुणे अजून आले नाहीत. एकच अडचण होती. आमच्याकडे शेगडी कुठे आता? गॅसजवळ टोपली ठेवायची भीती वाटते. त्यावर यांनीच तोडगा काढला. पाहुण्याला पिल्लांच्या दिव्याखाली ठेवायचं. एका दिव्यात सगळ्यांची ऊब.

नीट जेवत जा. तुझ्या अक्षरावरून वाटतं की वाळला आहेस.

ताई

१४ मार्च

ताई,

हे पत्र मी कच्चं न लिहिता थेट लिहितो आहे, कारण टपालाची होडी तासाभरात सुटेल.

टोपली बाहेर काढू नकोस. कुठल्याही पक्ष्याला हात लावू नकोस. चिमणीला किनाऱ्यावर पाठवू नकोस.

ते दमलेले नव्हते. आजारी आहेत. परवापासून वाळूवर मरून पडत आहेत. आधी मान वाकडी होते, मग ते एकाच जागी गोल फिरतात आणि बसतात ते उठत नाहीत. मी कचेरीला कळवल्यावर जनावरांच्या डॉक्टरबाई आल्या, हातमोजे, मुखपट्टी, सगळं घालून. त्यांनी सांगितलं की हा पाखरांचा ताप आहे आणि तो कोंबड्या-बदकांत गेला तर शेडच्या शेड आडवी करतो. माणसात क्वचित जातो, पण गेला तर फार वाईट.

मी पाहुण्याचं त्यांना लगेच सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत, पण मला खोलीत बसवलं आहे. दारात जेवण ठेवतात. दिवसातून चार वेळा ताप बघायला सांगितला आहे, मी दहा वेळा बघतो. अजून काही नाही. माझा पक्षी उडाला होता ना, त्याच्याच आधारावर मी धीर धरून आहे.

तुला आधीच्या पत्रात मीच लिहिलं होतं, टोपली काढून ठेव. ते वाक्य डोळ्यांपुढून हलत नाही.

आता नीट वाच. तुम्ही पक्षी घरात आणलेला असेल तर त्याच दिवशी मला कळव. लपवू नकोस. तुला खोटा धीर देत नाही, ती शेड आणि आजूबाजूच्या शेड रिकाम्या करतात, खड्डा खणतात. पण मग तो ताप तिथेच थांबतो, पुढच्या खाड्या वाचतात. आणलेला नसेल तर फक्त "नाही" एवढंच लिही. मला तेवढा एक शब्द पुरे.

तुझा धाकटा

२० मार्च

चि. भावास आशीर्वाद,

तुझं पत्र काल मिळालं. काळजी करू नकोस. आम्ही काही आणलं नाही. टोपली माळ्यावर टाकली आहे. बदकं ठणठणीत आहेत. इथे वाळूवर मेलेला पक्षी कुणी पाहिला नाही. चिमणी घरातच असते.

भावोजी म्हणतात, तुझ्या डॉक्टरबाईंना आमच्या खाडीचं असं कळव.

तू खोलीत एकटा कसा राहतोस? ताप आला तर कळव. आमच्या शेजारणीला विचारायचं होतं की आजाऱ्याला हात लागला तर किती दिवसांत कळतं. तिला उगाच धास्ती बसली आहे.

ताई

२३ मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचून मी खुर्चीवर बसलो तो बसूनच राहिलो. इतके दिवस मी मनात तुझी शेड रोज रिकामी करत होतो.

तुझ्या पत्रात या वेळी एकही टोमणा नाही. बदकांच्या कामात घाई असेल. शेजारणीला सांग, आठवडा-दहा दिवसांत कळतं. माझे तेवढे दिवस झाले, मी काल खोलीबाहेर आलो. जिन्याचा कठडा धरल्यावर तो केवढा गार आणि चांगला वाटला म्हणून सांगू.

डॉक्टरबाई खाड्यांचा नकाशा घेऊन बसल्या होत्या. कुठे रोग आहे, कुठे नाही, हे ठरल्याशिवाय कुणाची बदकं-कोंबड्या खाडीबाहेर जाऊ द्यायची नाहीत असा हुकूम आहे. प्रत्येक खाडी स्वतः बघायला त्यांच्याकडे माणसं नाहीत. तुझ्या खाडीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, इथलं काय? मी सांगितलं, तिथे नाही. त्यांनी विचारलं, खात्री आहे? मी म्हटलं, "माझी बहीण आहे तिथे." त्या हसल्या. म्हणाल्या, "तुम्ही एका रेघेसाठी दोनदा जिना चढणारे. तुमच्या शब्दावर धरते."

तेव्हा तुमच्या खाडीचा माल मोकळा झाला. भावोजींना सांग, ते कुठेही पाठवू शकतात. या किनाऱ्यावर सध्या फक्त त्यांनाच मोकळीक आहे.

मला फार बरं वाटलं. तू मला लहानाचा मोठा केलास आणि तुझ्या उपयोगी पडावं असं काही माझ्या हातून कधी झालं नव्हतं.

चिमणीला पापी. तिला म्हणावं, यंदाचा पाहुणा पुढच्या वर्षी दुप्पट.

तुझा धाकटा

२ एप्रिल

ताई,

हे पत्र मी तीनदा फाडलं आहे.

तुझ्या पलीकडच्या खाडीत बदकं मेली. बाजारातली आधी, मग एका म्हातारा-म्हातारीच्या घरची सगळी. डॉक्टरबाई काल तिथून आल्या. त्यांना कोडं पडलं आहे. त्या वाळूवर आजारी सुरय उतरलेलेच नाहीत, मग रोग आला कुठून?

मला कोडं पडलं नाही. संध्याकाळी टपालाचा होडीवाला आला, त्याला मी सहज विचारलं की बाजारात बदकं कुणी आणली. तो म्हणाला, "कुणी म्हणजे? तुमच्याच मेहुण्यांची. दोन फेऱ्या केल्या मी. इतकी गुणी बदकं बघितली नाहीत, अख्ख्या वाटेत एकाने तोंड उघडलं नाही."

बदकं होडीत गप्प बसत नाहीत, ताई. हे मला तूच शिकवलंस.

मग तो म्हणाला की खोकी धक्क्यावर तू आणून दिलीस. मी विचारलं, भावोजी कुठे होते? तर तो म्हणाला, ते झोपून आहेत, होडीत भिजल्याने सर्दी झाली म्हणे. पण ते त्याच्या होडीत तर बसले नव्हते. दुसरी होडी त्या धक्क्याला लागत नाही.

मला दोनच गोष्टी सांग. दिव्याखाली पक्षी ठेवला होता का? आणि भावोजींना काय होतं आहे?

तुझा धाकटा

५ एप्रिल

हो.

तेराला चिमणीने आणला. टोपलीत घेऊन नाचत आली. मी सगळं बाबांसारखं केलं, कापड, पाणी, चमचा. मान जरा कलती होती. मी म्हटलं, झोप येते आहे त्याला. पिल्लांच्या कडेला दिव्याखाली ठेवला आणि पिल्लं त्याला जाऊन बिलगली. आम्ही तिघं दारात उभं राहून बघत होतो. किती छान दिसत होतं ते, तुला काय सांगू.

सकाळी तो मेलेला होता. चिमणीने एवढं रडून घेतलं की यांनी जाऊन दुसरा आणला. तोही उडाला नाही.

तुझं पत्र आलं तोवर पिल्लांनी माना टाकायला सुरुवात केली होती. यांनी ते उभ्याउभ्या वाचलं. खड्ड्याच्या ओळीवर थांबले. म्हणाले, "एकदा खड्डा खणला की मी त्यात उभा आहे असं समज." मी तुला लिहायला बसले तेव्हा ते पाठीमागे उभे होते, पण त्यांच्यावर ढकलत नाही. लिहिलं मी. हात माझा होता.

मोठी बदकं तेव्हा चांगली होती. चांगली दिसत होती म्हण. तुझं मोकळीक मिळाल्याचं पत्र आलं तर हे म्हणाले, बघ, आपला देव तुझ्या भावाच्या रूपाने आला. मेलेली पिल्लं त्यांनी स्वतः पोत्यात भरली आणि आवारात पुरली, मला हात लावू दिला नाही. जी उभी होती ती खोक्यांत घातली. तोवर त्यांच्या अंगात कणकण होती.

म्हाताऱ्या-म्हातारीचं मला माहीत नव्हतं. ते तुझ्याकडून कळलं.

ताप उतरत नाही. खोकला आहे. इथल्या डॉक्टरला होडीत भिजलो असंच सांगितलं, त्याने सर्दीच्या गोळ्या दिल्या. मी म्हटलं, खरं सांगू या, तर माझ्या मनगटाला धरून बसले. एवढा ताप आणि एवढी पकड.

आता माझं ऐक. तू कुणाला काही बोलू नकोस. शेडमध्ये थोडी उरली आहेत. आठ दिवसांत काय ते होईल, जगली तर त्यांच्यावर पुन्हा उभं राहता येईल. ते बरे होतील तेव्हा त्यांना दाखवायला काहीतरी पाहिजे. आठ दिवस दे.

बाबा गेल्यावर मी तुला वाढवलं. तुझ्यापायी दोन स्थळं परत पाठवली. कधी बोलून दाखवलं नाही. आज दाखवते आहे.

९ एप्रिल

ताई,

मी सांगितलं.

तुझं पत्र सहाला मिळालं. तीन दिवस मी गप्प राहिलो, ते तुझ्यासाठी. डॉक्टरबाई रोज सकाळी फेरीच्या आधी दिव्याच्या पायरीवर चहा घेतात. पहिल्या दिवशी मी त्यांच्याशी वाऱ्याबद्दल बोललो. दुसऱ्या दिवशी चिखल्यांचा थवा उशिरा आला त्याबद्दल. काल त्यांनीच विचारलं, "तुम्हाला बरं नाही का?" आणि मी म्हटलं, "झोप लागली नाही." ते खरं होतं म्हणून सहज तोंडातून निघालं.

मी असा विचार करत होतो की बदकं तर गेलीच आहेत, आठ दिवसांनी असा काय फरक पडणार? भावोजींचा ताप त्या हिशेबात मी धरलाच नव्हता. तू सर्दीच्या गोळ्या लिहिल्या होत्यास, तर मीही सर्दीच म्हणत राहिलो. आज पहाटे जागा झालो तेव्हा तुझ्या पत्रातली ती पकड आठवली. तापलेल्या माणसाची.

मी सगळं सांगून टाकल्यावर बाईंनी कप खाली ठेवला. मला वाटलं, माझी हजेरी घेतील. त्यांनी एकच विचारलं, "तो माणूस किती दिवस झोपून आहे?" मी सांगितलं, आणि त्या पळाल्या. ताई, चाळिशीची बाई, गुडघाभर बूट घातलेली, वाळूतून पळत होडीकडे गेली. तेव्हा मला कळलं की मी काय केलं आहे.

हे पत्र पोचेपर्यंत ती माणसं तुझ्याकडे येऊन गेलेली असतील. सोबत माणसांचा डॉक्टर असेल. त्याच्यापासून काही लपवू नका, आणि चिमणीलाही दाखवा.

मी तुझ्याविरुद्ध गेलो नाही, असं एक वाक्य लिहिलं होतं, ते खोडलं. गेलोच आहे. तू वाढवलंस म्हणूनच गेलो, असंही लिहिणार होतो, पण ते शोभेचं वाटलं.

मला ये म्हण, मी पहिल्या होडीने येतो.

तुझा धाकटा

३० एप्रिल

ते सतराला गेले.

मोठ्या शहरातल्या दवाखान्यात ठेवलं होतं. काचेच्या पलीकडे. मी अलीकडून बघत होते. नळी होती, बोलता येत नव्हतं. शेवटी हाताने काहीतरी खूण करत होते, पिल्लं उचलताना ओंजळ करतात तशी. की पाणी मागत होते, कोण जाणे. मी मान हलवून हो म्हटलं.

तिथला डॉक्टर चांगला होता. मी विचारलं नव्हतं, तरी बोलून गेला की या तापाचं औषध लवकर दिलं तर धरतं, तीन-चार दिवस आधी आले असते तर आशा होती. मग माझं तोंड बघून म्हणाला, सांगता येत नाही म्हणा.

मी घरी आले तेव्हा शेड रिकामी होती. खड्डा कचेरीच्या माणसांनी मागच्या बाजूला खणला. पांढऱ्या कपड्यांतली माणसं काम करत होती तेव्हा चिमणीला शेजारणीने खिडकीला बसवलं होतं, दुसरं कुठे बसवणार, तिलाही बाहेर सोडायचं नव्हतं. त्यातल्या एकाने तिला काचेतून हात धुवायची रीत शिकवली. बोटांच्या बेचक्या, मनगट, कोपरापर्यंत. ती आता दिवसभर धुते.

तिला ताप आला नाही. मलाही नाही. ते का, हे कुणाला सांगता येत नाही.

तिने मला विचारलं, मी आणला म्हणून का? मी म्हटलं, नाही ग. तिचा विश्वास बसला नाही. खोटं कसं दिसतं ते तिने या घरातच बघितलं आहे.

तुझ्याबद्दल मी असं म्हणते. तू सांगितलंस म्हणून बदकं गेली. तू उशिरा सांगितलंस म्हणून ते गेले. मी खोटं लिहिलं म्हणून दोन्ही. एक दिवस यातलं पहिलं खरं वाटतं, दुसऱ्या दिवशी दुसरं. तिसरं रोजच खरं वाटतं. एकाच भावावर दोन्हीसाठी रागावता येत नाही, एक राग दुसऱ्याला कापतो, पण मला ते जमतं आहे.

येऊ नकोस. आलास तर मी दार उघडेन, आणि मला उघडायचं नाही.

चिमणीची आई

१२ नोव्हेंबर

ताई,

होडीवाल्याच्या हाती चिमणीसाठी स्वेटर पाठवतो आहे. बाह्या लांब घेतल्या आहेत, पुढच्या वर्षीही होईल. लाल मिळाला असता तर बरं झालं असतं, पण दुकानात निळाच होता.

जूनपासून तीन पत्रं टाकली. ती मिळाली हे होडीवाल्याकडून कळलं. उत्तर लिही असं म्हणत नाही. उत्तराची वाट बघत नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल, आणि खोटं आपल्या दोघांत पुरेसं झालं.

मी डॉक्टरबाईंना म्हटलं, पाखरांच्या नोंदीचं काम माझ्याकडून काढून घ्या. ज्याच्या शब्दावर एक खाडी मोकळी सोडली आणि त्याने दुसरी बुडवली, त्याचा शब्द कशाला धरायचा? त्या म्हणाल्या, "मलाही खात्री करायला जाता आलं असतं. नाही गेले. तुम्ही तुमचं ओझं उचला, मी माझं उचलते, पण काम कुणीतरी करायला हवं." म्हणून करतो. पण आता कुणी विचारलं की तिथे आहे का, तर मी म्हणतो, मी बघितलेलं नाही. लोक वैतागतात.

मागच्या रविवारी मी पलीकडच्या खाडीत त्या म्हाताऱ्या-म्हातारीकडे गेलो होतो. मी कोण ते सांगितलं. म्हातारीने मला अंगणातूनच परत पाठवलं. म्हातारा मात्र धक्क्यापर्यंत माझ्याबरोबर चालत आला. होडी सुटताना दोर त्याने फेकला. एवढंच.

सुरय परत गेले. वाळू मोकळी आहे.

तुझा धाकटा

२७ मार्च

चि. भावास,

मी आता बेकरीत जाते. ज्यांना अंडी द्यायचो त्यांनीच काम दिलं. पहाटे कणीक मळायची, भट्टी तापली की पाव आत, दुपारी सुट्टी. हाताला काम असलं की डोकं गप्प बसतं. स्वेटर चिमणीला होतो आहे. बाह्या दुमडून घालते.

पाखरं कधी आली ते मला कळवू नकोस, असं तुला लिहायचं मी फेब्रुवारीतच ठरवलं होतं. तू कळवलंच नाहीस. ते मला लागलं. माणसाचं काही खरं नाही.

काल आली. बेकरीच्या मागच्या दारातून सगळी वाळू दिसते. मी राख टाकायला बाहेर आले तर चिमणी खाली वाळूवर बसलेली. शाळेला सुट्टी होती. तिच्यापासून चार हातांवर एक सुरय होता. पंख जरा पसरून बसलेला. तिच्या हातात काठी होती. आधी वाटलं, ती त्याला डिवचणार, मग कळलं की काठी कावळे हाकलायला आहे.

हाक मारणार होते. त्याआधीच तिने मला बघितलं आणि दोन्ही हात वर करून दाखवले, लांबूनच, तळवे माझ्याकडे. हात लावला नाही म्हणून.

मी आत गेले, पाव काढले, परत येऊन बघितलं. ती तिथेच. पुन्हा गेले, पुन्हा आले. एकदा तो उठला, थोडा फडफडला, तिने उभं राहून जागा दिली. मलाही वाटलं, गेला. पण बसला पुन्हा. मग ऊन कलल्यावर त्याने मान वाळूवर ठेवली.

तो आजारी होता की नुसता थकला होता, मला नाही सांगता येणार. उचलून ऊब दिली असती तर सकाळी उडाला असता का, तेही नाही. बाबांना तरी ते खरंच ओळखता येत होतं, की त्यांच्या नशिबाने सगळे नुसते थकलेलेच यायचे, याचा मी काल रात्रभर विचार केला. तू लहान होतास, तुला आठवत नसेल. न उडालेले पाहुणेही होते. बाबा ते आपण उठायच्या आत घेऊन जायचे.

डॉक्टरबाईंना तो पक्षी दाखवायचा असेल तर दगडांची खूण करून ठेवली आहे. कुणी हात लावलेला नाही. या खेपेला तुला खात्रीने सांगते, मी स्वतः बघितलं आहे.

चिमणी अंधार पडता पडता घरी आली. काठी दाराबाहेर ठेवली. हात लावला नव्हता, तरी मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, दोनदा साबण लावून. जेवली. मग म्हणाली, "मामाला कळव. त्याला तारीख लागते."

काल. २६ मार्च. सुरय, एक.

तुझी ताई